मंडईला बोलावणं नसतं

भाषण संपलं आणि अध्यक्ष उठून अगदी सौजन्यानं म्हणाले, "मॅडम, आपण नेमक्या कोणत्या बाजूनं बोललात?" सभागृहात हशा पिकला. मीही हसले, कारण उत्तर मलाही ठाऊक नव्हतं. आमच्या सांगलीच्या वाचनालयात दरवर्षी वादविवाद होतो आणि कोणी कोणत्या बाजूनं बोलायचं हे चिठ्ठी टाकून ठरतं. मी महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. आपली राज्यघटना किती मोठी, किती तपशिलानं लिहिलेली, हे मुलांना अभिमानानं सांगण्यात माझा अर्धा जन्म गेला. आणि माझ्या चिठ्ठीत निघालं, 'एका पुस्तकात न बांधलेल्या राज्यघटनेचे फायदे'. म्हणजे इंग्लंडची बाजू घ्या.

घ्यायला हरकत नव्हती. मुद्दे मला पाठ होते. तिथे काही कायद्यांत, काही निकालांत आणि बरंच काही नुसतं रिवाजात असतं. काळ बदलला की रिवाज हळूच कूस बदलतो, घटनादुरुस्तीचा खटाटोप लागत नाही. आणि रिवाज मोडणाऱ्याला कोर्ट नव्हे, लाज अडवते. हे सगळं छान जुळवून मी तयार होते. मग मी दिवाळीच्या सुट्टीत भंडारा जिल्ह्यात गेले आणि माझा पुरता गोंधळ उडाला. तो अजून निस्तरलेला नाही, म्हणून निदान लिहून काढते.

वरठी, मग मोहाडीच्या पुढे

रत्नमाला आणि मी एका उजळणी वर्गात एका खोलीत राहिलो, तेव्हापासूनची मैत्री. ती मोहाडीच्या बाजूला शिकवते. "एकदा मंडई पाहायला ये," असं कितीतरी वर्षं म्हणत होती. आम्हा सांगलीकरांना मंडई म्हणजे भाजीची. तिकडे मंडई म्हणजे दिवाळीनंतर प्रत्येक गावात एकेक दिवस भरणारी जत्रा. मात्र आमच्या जत्रेला देव असतो, पालखी असते, तिथी असते. इथे त्या दिवशी गाव नुसतं माणसांची वाट पाहतं. पै-पाहुणे येतात, जेवतात, पान खातात, जातात.

वरठी स्टेशनावर रत्नमाला स्कूटर घेऊन उभी होती. माझी बॅग पायांत, मी मागे, आणि दोन्ही बाजूंना धान. हलकं, लवकर पिकणारं धान कापून झालेलं, त्याचे पुंजणे रचलेले. भारी धान अजून उभं, पिवळं. आमच्याकडे उसाच्या भिंतींमधून रस्ता जातो, पलीकडचं दिसत नाही. इथे पार तळ्याच्या पाळीपर्यंत नजर जाते. मला ते इतकं आवडलं की गावाचं नाव लिहायचा मोह होतो आहे. पण लिहीत नाही, आणि माणसांची नावंही बदलली आहेत. का, ते पुढे कळेल.

घर रत्नमालेच्या थोरल्या भावाचं. ते निवृत्त प्राथमिक शिक्षक, सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणतं. वहिनी, आणि त्यांची मुलगी सुजाता, आरोग्य उपकेंद्रात नर्स. बौद्ध कुटुंब. बैठकीत बुद्धाची मूर्ती आणि तिच्याशेजारी राज्यघटनेची प्रत, रोज पुसली जात असणार अशी स्वच्छ. तिच्यासमोर बसून मी लाखोळीची डाळ आणि भात खाल्ला. भाकरी आहे का, असं विचारल्यावर वहिनींनी मी आजारी असल्यासारखं माझ्याकडे पाहिलं आणि आणखी भात वाढला.

जेवताना मी विचारलं, मंडई कधी?

गुरुजी म्हणाले, मंगळवारची असते. आदल्या दिवशीच मंगळवार झाला होता. मी गडबडले. मग कळलं की शेजारच्या गावात एक मोठं माणूस वारलं, म्हणून त्यांची मंडई पुढे सरकून आमच्या मंगळवारी आली, म्हणून आमची गुरुवारी गेली. पण हे ठरवलं कोणी? रत्नमाला म्हणाली, जाणती माणसं बोलली असतील. वहिनी म्हणाल्या, पाळणेवाले जिकडे जातात तिकडे मंडई. दूध घालायला आलेले गृहस्थ चरवी खाली ठेवून म्हणाले, "ठरवाले काय लागते जी? समजते."

मला नाचावंसं वाटलं. बैठक नाही, ठराव नाही, नोटीस नाही, आणि दोन गावं एकमेकांना वाट देऊन मोकळी. हे तर माझं इंग्लंड! मी गुरुजींना माझ्या भाषणाचा विषय सांगितला आणि म्हटलं, पाहा, न लिहिलेलं कसं सुरळीत चालतं.

गुरुजींनी डाळ-भात कालवला आणि सावकाश बोलले. लहानपणी मंडईतलं नाटक पाहायला ते वडिलांचं बोट धरून जायचे. तिथे कोणी कुठे बसायचं हेही कुठे लिहिलेलं नव्हतं. त्यांच्या लोकांची जागा कडेला, उकिरड्याच्या बाजूला. "माह्या बापाले कोनी सांगतलं नाई, मॅडम. त्याले बी समजतच होतं."

मी म्हटलं, पण तोवर घटना तर आली होती.

"आली होती. गावात पोचाची होती." मग थोडं हसून म्हणाले, "पुस्तकानं जागा बदलली नाई लगेच. पन भांडाले जागा झाली."

रत्नमालेनं विषय बदलून पातोडीच्या रश्शावर आणला, ते बरं झालं.

मंडईचा दिवस

सकाळपासून माणसं यायला लागली. आमच्याकडे पाहुणा आधी फोन करतो, मग येतो, मग आल्याबद्दल माफी मागतो. इथे कोणी कोणाला बोलावलेलंच नसतं. मंडईला बोलावणं नसतं, असं वहिनींनी मला कढईवरून मान न उचलता सांगितलं. जो येईल तो पाहुणा. मी दारात बसून कोण कोणाचं हे लावायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

ऊन वर आल्यावर एक गाडी थांबली. दिघोरीचे लोक, असं रत्नमाला म्हणाली. दिघोरी म्हणजे पार लाखांदूर तालुक्यात, इथून बरंच लांब. वडील, आई आणि त्यांचा मुलगा राकेश, कृषी खात्यात नोकरीला. धानाची शेती असलेलं हिंदू घर, जात वेगळी. ते बैठकीत बसले. सुजातानं रोजच्या सलवार-कमीजमध्येच चहा आणला, ठेवला, आणि जाण्याऐवजी तिथेच बसली. यंदा धानावर तुडतुडा फार होता का, वगैरे बोलणं झालं. राकेशची आई तिच्याशी उपकेंद्रातल्या इंजेक्शनांबद्दल बोलत होती. चहा सगळ्यांनी संपवला. बस, एवढंच.

आता वाचकांना मी जे सांगते आहे ते मला तेव्हा कोणीही सांगितलं नव्हतं. सुजाता आणि राकेश भंडाऱ्याच्या एका शिबिरात भेटले होते आणि त्यांना लग्न करायचं होतं. राकेशचे वडील घुमे, काहीच बोलत नव्हते. आई अर्धी राजी होती. 'मुलगी पाहायला' ते या घरी कधीच आले नसते. तसं आले असते तर दिघोरीत त्यांच्या भावकीनं त्यांना फाडून खाल्लं असतं. पण मंडईला कोणीही येऊ शकतं. या भागात कितीतरी सोयरिकी मंडईतच सुरू होतात, फक्त तसं कोणी म्हणत नाही. मंडई पाहायला आलो, म्हणायचं. मुलगी पाहिली, मुलगा पाहिला, घर पाहिलं. जमलं तर महिन्याभरानं कोणी मध्यस्थ बोलतो. नाही जमलं तर कोणाला नकार गेलेलाच नसतो, कारण कोणी काही विचारलेलंच नसतं.

म्हणजे माझ्या भाषणातले सगळे मुद्दे माझ्यासमोर चहा पीत बसले होते आणि मला त्यांतला एकही ओळखता आला नाही.

नंतर आम्ही सगळे मंडईत गेलो. पाळणे, उकडलेल्या शिंगाड्यांचे ढीग, आलूबोंडे आणि त्यावर ओतलेली झणझणीत तर्री. मी कोल्हापुरी तिखटावर वाढलेली, तरी नाक पुसत होते. पानाच्या दुकानांची तर रांगच. राकेशच्या आईनं मला स्वतः पान लावून घेऊन दिलं. सुजाता आणि राकेश थोडे पुढे चालत होते, मध्ये हातभर अंतर ठेवून. त्यांच्या पाठमोऱ्या चालण्याकडे पाहून माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बरं, पडला तर पडला, गप्प बसायचं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. मी तोंडात पान कोंबून, आपलेपणानं, चारचौघांत राकेशच्या आईला म्हणाले, "मग काय ताई, मुलगी पसंत ना?"

राकेशच्या आईनं स्वतःचं पान तोंडाशी नेलं होतं. ते तिनं खाली घेतलं आणि परत कागदात गुंडाळलं. राकेशचे वडील पाळण्याकडे पाहू लागले. पानवाल्याचा हात थांबला, शेजारचे दोघेतिघे वळले.

"आमी मंडई पाहाले आलो, बाई," ती म्हणाली.

एवढं बोलून ती वळली, आणि ते तिघं थेट गाडीकडे गेले. राकेश एकदा मागे वळला. घरी वहिनींनी त्यांच्यासाठी सुवाऱ्या लाटून ठेवल्या होत्या. इकडे पुरीला सुवारी म्हणतात. त्या तशाच राहिल्या.

त्याच दिवशी, सुवाऱ्या गार झाल्यावर

रत्नमालेनं मला मागच्या अंगणात नेऊन सगळं सांगितलं. मला रडू आलं. मी तिला म्हटलं, मला आधी सांगायचं तरी होतंस. ती म्हणाली, "सांगायचं काय होतं? अजून काही झालंच नव्हतं ना." ती चिडलेली नव्हती, दमलेली होती. "झाकली मूठ होती गं. तू बोटं धरून उघडलीस."

मला अजूनही त्यांचा हिशेब पुरता कळत नव्हता. सुजाता पंपाशी भांडी घासत होती. मी तिच्याकडे गेले, माफी मागितली, आणि शिक्षिकेच्या सवयीनं पुढे म्हणाले की तू सज्ञान आहेस, तो सज्ञान आहे, वेगळ्या धर्मातल्या लग्नासाठी कायदा आहे, कोणाच्या होकाराची गरजच काय?

तिनं हातातलं पातेलं विसळून उपडं घातलं.

"कायदा मले मालूम हाये, मॅडम. उद्या बी जाऊ शकते मी ऑफिसात. कायद्यानं नवरा भेटते. सासू नाई भेटत."

तिनं पुढचं पातेलं ओढलं.

"तुमी विचारलं, तेचं काही नाई. पन तुमी त्यायले उत्तर द्याले लावलं. आता त्यायले हो म्हना लागते नाई तं नाई म्हना लागते. हो म्हनाची त्यायची तयारी नाई झाली अजून. मले थोडा वेळ पायजे होता, बस. मंडईत तो भेटते."

इतकी वर्षं मी शिकवते की अस्पष्टता हा कायद्याचा दोष आहे. आणि इथे एक मुलगी त्याच अस्पष्टतेत घर बांधायला बसली होती, आणि मी जाऊन दिवा लावला. पण मग गुरुजींच्या वडिलांची उकिरड्याकडची जागा? तीही त्याच न बोलण्यातून आलेली. एकच गोष्ट सकाळी चांगली आणि दुपारी वाईट कशी असू शकते? मी वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, तुम्ही जेवून घ्या.

जायचं की नाही

दिघोरीची मंडई रविवारी आहे, असं कोणीतरी म्हणालं. दुसरं कोणी म्हणालं सोमवारी. रिवाज असा की जे आपल्या मंडईला आले, त्यांच्या मंडईला आपण जायचं. पण ते न जेवता गेले होते. मग ते आले, असं धरायचं की नाही? आणि त्यांनी 'या' म्हटलं नव्हतं. पण ते तर कोणीच म्हणत नाही. तेव्हा न बोलावणं हा अपमान आहे की नेहमीचा रिवाज? यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. मी राज्यघटनेतली कलमं उलटीसुलटी सांगू शकते, पण या चर्चेत मला एकही वाक्य शेवटपर्यंत समजलं नाही.

वहिनी जाऊ नये म्हणत होत्या. दारातून परत पाठवलं तर? गुरुजी सगळ्यांचं ऐकून म्हणाले, "मंडईले बलावा लागत नाई. जाऊ."

मी म्हटलं, तुम्ही जा, मी येत नाही. माझं तोंड पाहिलं की त्यांना सगळं आठवेल.

"नाई मॅडम, तुमी चालाच. तुमी नाई आल्या तं त्यायले वाटन, आमी तुमाले दोष देऊन राहिलो. अन दोष दिला म्हनजे काही झालं होतं."

मी हे वाक्य तीन वेळा मनात म्हटलं, तेव्हा कुठे उमगलं. काहीच झालेलं नाही, असं सगळ्यांनी मिळून वागायचं. रिवाज मोडला तर त्याची दुरुस्ती अशी करतात.

दिघोरी

भाड्याची गाडी केली. वैनगंगा ओलांडताना मी गुरुजींना विचारलं की शेवटी तुमचं मत काय, लिहिलेलं बरं की न लिहिलेलं? ते ड्रायव्हरशेजारी बसले होते. म्हणाले की पुस्तकात लिहिलं नसतं तर ही गाडी घरून निघालीच नसती. आणि सगळंच लिहिलं असतं तर आता पोचायला काही ठिकाण उरलं नसतं. मग त्यांनी ड्रायव्हरला खड्डा दाखवला, आणि मी पुढचं विचारलं नाही. मागच्या सीटवर सुजाता खिडकीबाहेर पाहत होती. तिनं आज साडी नेसली होती आणि घडीचा ठसा अजून पदरावर होता.

मंडई त्याच दिवशी होती, हे पाळणे दिसल्यावर कळलं.

राकेशच्या अंगणात बरीच माणसं होती, भावकीतलीच असावीत. आम्ही फाटकात उभे राहिलो आणि बोलणं थांबलं. राकेश एक पाऊल पुढे आला आणि थबकला. त्याची आई घरातून हात पुसत बाहेर आली. आधी गुरुजींकडे, मग सुजाताकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मी रत्नमालेच्या मागे सरकले.

"मंडई पाहाले आले?" तिनं विचारलं.

"हो जी," गुरुजी म्हणाले.

"बसा नं."

आम्हाला सपरीत बसवलं, म्हणजे बाहेरच्या ओसरीवर. मी गुरुजींकडे पाहिलं. ते आपण कुठे बसलो आहोत ते पाहत होते. भावकीतली काही माणसं अंगणात होती, काही आमच्याच रांगेत. मग ही जागा बरी की वाईट? मला ठरवता येईना. ताटं आली, सगळ्यांसारखीच. भात, वडे, वांग्याची भाजी. राकेशचे वडील समोर येऊन बसले आणि त्यांनी स्वतःचं ताट गुरुजींच्या ताटाजवळ ओढलं. जेवण सुरू झालं. कोणी कोणाला काही विचारत नव्हतं, आणि मी तर ओठ शिवूनच बसले होते.

राकेशची आई वाढता वाढता थांबली.

"सुजाता, आत जाय व. चुलीमागच्या फळीवर लोनच्याची बरनी हाये, आन."

माझ्या शेजारची एक म्हातारी लगेच उठू लागली. मी आणते ना, म्हणाली.

"बस, आत्याबाई. तिले आनू दे."

अंगणातले घास थांबले. सुजाता उठली. तिनं चपला पायरीशी काढल्या, उंबऱ्यावर क्षणभर पाय अडखळला, आणि ती आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला. ती फळी शोधत असावी. गुरुजींचा हात भातातच राहिला होता. ते दाराकडे पाहत नव्हते, ताटाकडे पाहत होते. राकेश पाण्याचा तांब्या घेऊन उगाच इकडून तिकडे गेला. वडिलांनी मात्र खाली मान घालून जेवण चालू ठेवलं. ती बरणी येईपर्यंत अंगणात कोणी उठून गेलं नाही. एक माणूस तेवढा हात धुवायला गेला, तोही परत आला, का गेला होता मला कळलं नाही.

म्हणजे झालं का? हे हो आहे का? की नुसतं लोणचं हवं होतं? मी तोंड उघडलं. रत्नमालेनं माझा पाय दाबला, चांगलाच. ते राकेशच्या आईला दिसलं. तिनं सुजाताच्या हातातून बरणी घेतली, माझ्या ताटात एक फोड घातली आणि हळू आवाजात म्हणाली, "विचारू नका, बाई. जेवा."

मी जेवले. ती फोड आंब्याची होती की लिंबाची, ते मला अजून सांगता येत नाही. तेही मी विचारलं नाही.